उत्तर आलें, पण कसें आलें?

गेल्या पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं मला सर्वांसमक्ष प्रश्न केला, "सर, दर सोमवारीं तुम्ही नोटीस-बोर्डावर जें कोडें लावतां, त्यानें आमच्या मुलाचे गुण वाढणार आहेत काय? तो जेवतांनासुद्धां अक्षरें उलटसुलट करीत बसतो." सभेंत हशा पिकला. मीही हंसलों. परंतु घरीं जातांना वाटूं लागलें कीं, हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. जी गोष्ट मुलांच्या डोक्यांत एवढी जागा व्यापते, तिचा जाब पालकांनीं मागावा हें योग्यच आहे. तो जाब ह्या वार्षिकाच्या पानांतून देण्याचें मीं योजिलें आहे. देतांना माझ्या हातून घडलेली एक चूकही मला सांगावी लागेल. कारण ह्या खेळानें मला जें शिकविलें, तें त्या चुकीमुळेंच शिकविलें.

प्रथम हा खेळ म्हणजे काय तें सांगतों. चौकोनी घरांत आडवे-उभे शब्द भरण्याचें कोडें आपण सर्वांनीं वर्तमानपत्रांत पाहिलें आहे. त्याचा जन्म फार जुना नाहीं. ता. २१ डिसेंबर १९१३ रोजीं न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्राच्या रविवारच्या पुरवणींत आर्थर विन ह्या मूळच्या लिव्हरपूलच्या गृहस्थानें असें पहिलें कोडें छापलें. इंग्रजींत ज्यास ‘क्लू’ म्हणतात त्यास मी येथें ‘सूत्र’ म्हणतों. विन ह्याचीं सूत्रें सरळ होतीं: अर्थ वाचावा, शब्द ओळखावा आणि घरांत भरावा. पुढें हा खेळ इंग्लंडांत गेला आणि तेथें त्याचा स्वभावच पालटला. एडवर्ड पॉविस मॅथर्स ह्या कवि-भाषांतरकारानें १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत ‘टॉर्केमाडा’ ह्या टोपणनांवानें जीं कोडीं रचलीं, त्यांतील सूत्रें सरळ बोलेनातच. टॉर्केमाडा हें स्पेन देशांतील धर्मन्यायासनाच्या एका निष्ठुर मुख्याधिकाऱ्याचें नांव. वाचकांचा छळ करण्यास तें नांव त्यास शोभून दिसलें! १९३० सालीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानेंही कोडें सुरू केलें. ह्या वांकड्या बोलण्याच्या कोड्यास गूढ शब्दकोडें म्हणतात. आज आपल्या देशांतही इंग्रजी दैनिकांतून तें छापून येतें. चेन्नईच्या ‘द हिंदू’ पत्रांतील कोडीं तर भारतीय रचनाकारच रचतात.

गूढ सूत्राची घडण एकदां समजली म्हणजे त्याची भीति उरत नाहीं. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा त्यांत असतात. पहिली वाट अर्थाची. सूत्राच्या आरंभीं किंवा शेवटीं उत्तराचा अर्थ, म्हणजे व्याख्या, दिलेली असते. दुसरी वाट अक्षरांची. राहिलेल्या शब्दांत तेंच उत्तर अक्षरें जोडून, उलटवून, लपवून किंवा विस्कटून दिलेलें असतें, आणि तीं अक्षरें कशीं हाताळावीं हें सांगणारी एक खूणही तेथेंच असते. ह्या दोन वाटा अशा बेमालूम सांधलेल्या असतात कीं, वरवर वाचणारास भलतेंच चित्र दिसतें. कंसांतील आंकडा उत्तराची अक्षरसंख्या दाखवितो.

दहावीच्या वर्गासाठीं मीं रचलेलें एक इंग्रजी सूत्र पाहा: ‘रिफॉर्म्ड चीटर, वन ॲट द ब्लॅकबोर्ड (७)’. वरवर वाचलें तर कोणी लबाड मनुष्य सुधारून फळ्यापाशीं उभा राहिला आहे असें वाटतें. तें चित्र क्षणभर बाजूस ठेवा. ‘वन ॲट द ब्लॅकबोर्ड’ ही व्याख्या आहे: फळ्यापाशीं असतो तो कोण? ‘रिफॉर्म्ड’ ही खूण आहे: पुढील शब्दाची रचना बदला. ‘चीटर’ ह्या इंग्रजी शब्दांत सी, एच, ई, ए, टी, ई, आर अशीं सात अक्षरें आहेत. तींच नव्या क्रमानें मांडलीं तर टी, ई, ए, सी, एच, ई, आर, म्हणजे ‘टीचर’, असा शब्द होतो. अर्थाची वाट ‘टीचर’पाशीं पोंचली आणि अक्षरांची वाटही तेथेंच पोंचली. आतां कोणास विचारावयास नको आणि दुसऱ्या दिवशींच्या अंकाची वाट पाहावयास नको; उत्तरानें आपली साक्ष आपणच दिली. वर्गांत हें उत्तर निघालें तेव्हां मुलें माझ्याकडे पाहून जीं हंसलीं, तें हंसें मीं आनंदानें सोसलें.

हा खेळ इंग्रजीचा असला तरी त्याचें मर्म आपणांस परकें नाहीं. दण्डीनें आपल्या ‘काव्यादर्श’ ग्रंथांत प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन बोलण्याचा श्लेष आपल्या व्याकरणाच्या तासांत आहे, आणि आपल्या आजीच्या तोंडच्या कोड्या-उखाण्यांतही आहे. आपल्या मराठी पत्रांतील शब्दकोडीं मात्र बहुधा सरळ अर्थाचीं असतात. मराठींत गूढ सूत्र रचतां येईल काय, हें पाहण्याच्या हौसेनेंच मीं आमच्या नोटीस-बोर्डावरील उपक्रम सुरू केला.

रचूं लागतांच एक अडचण ध्यानांत आली. इंग्रजींत एका घरांत एक सुटें अक्षर बसतें. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी ह्यांसह पूर्ण अक्षर बसतें. म्हणून ‘नवरा’ ह्या शब्दांतून ‘वानर’ निघत नाहीं; ‘रा’चा काना काढून ‘व’ला देण्याची मुभा नाहीं. परंतु जें निघतें तें मोठें गंमतीचें असतें. ‘मोटारीमागें ओझें, हीच राज्याची व्यवस्था (४)’: मोटार म्हणजे ‘कार’, तिच्या मागें ओझें म्हणजे ‘भार’, दोन्ही जोडून ‘कारभार’, आणि राज्याची व्यवस्था म्हणजेही कारभारच. ‘गरम ढवळतांच पाण्यांतलें हिंस्र जनावर (३)’: ‘ढवळतांच’ ही विस्कटण्याची खूण; ‘गरम’ ह्याचीं अक्षरें हलविलीं कीं ‘मगर’. ‘उलटें वाचलें तरी ताजें (३)’: ‘नवीन’, कारण तो शब्द दोन्ही बाजूंनीं सारखाच वाचला जातो.

आतां पालकांचा पहिला आक्षेप असा येईल कीं, ह्या खेळाचा पायाच फसवणुकीवर आहे. मग तो शाळेंत कशासाठीं? ह्या आक्षेपाचें उत्तर इंग्लंडांतील दोन शिक्षकांनीं दिलें आहे. ‘अफ्रीट’ ह्या नांवानें कोडीं रचणारे ए. एफ. रिची हे वेल्स येथील कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक होते. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोड्यांच्या पुस्तकांत त्यांनीं रचणाराचा धर्म सांगितला. त्याचा भावार्थ असा कीं, सूत्राचा वरपांगी अर्थ फसवा असला तरी चालेल. परंतु शब्दांची नीट फोड केली असतां त्यांतून खरेंच निघालें पाहिजे. दुसरे डी. एस. मॅकनट. हे क्राइस्ट्स हॉस्पिटल नांवाच्या शाळेंत ग्रीक-लॅटिन शिकवीत. १९३९ मध्यें मॅथर्स वारल्यावर ‘ऑब्झर्व्हर’मधील कोडें ह्यांच्याकडे आलें; त्यांनींही स्पेनमधील दुसऱ्या एका धर्मन्यायाधिकाऱ्याचें, झिमेनीझ ह्याचें, नांव घेतलें, आणि १९६६ सालीं ह्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. सूत्रांत नेमकी व्याख्या असावी, अक्षरांकडे नेणारी न्याय्य खूण असावी आणि ह्यांवांचून एकही फालतू शब्द नसावा, असा त्यांचा कटाक्ष होता. सारांश, कोडें रचणारास वाचकाची दिशाभूल करण्याची मोकळीक आहे, खोटें बोलण्याची नाहीं. लबाडी आणि गंमत ह्यांतील ही सीमारेषा मुलांस शाळेंत कळावी असें मला वाटतें. पण ती रेषा मींच ओलांडली. तीच हकीकत आतां सांगतों.

आमची पद्धत अशी होती: सोमवारीं वाचनालयाशेजारच्या बोर्डावर सूत्र लागे. मुलें उत्तराच्या चिठ्ठ्या पेटींत टाकीत. शनिवारीं प्रार्थनेनंतर मी उत्तर सांगत असें, आणि सत्राच्या अखेरीस ज्याचीं उत्तरें सर्वांत अधिक बरोबर, त्यास एक पुस्तक बक्षीस मिळे. एका सोमवारीं मीं पुढील सूत्र लावलें: ‘सरिता उलट गरीब (२)’. माझ्या मनांतलें उत्तर ‘दीन’ असें होतें: सरिता म्हणजे नदी, ती उलट वाचली कीं दीन, आणि दीन म्हणजे गरीब. शनिवारीं मीं तें मोठ्या आवाजांत सांगितलें. पेटींतल्या चिठ्ठ्या पाहून ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन ढीग केले. नववींतील एका मुलीनें ‘नदी’ असें लिहिलें होतें. मीं तिच्या चिठ्ठीवर तांबडी फुली मारली. त्या सोमवारानंतर तिची चिठ्ठी कधीं आली नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

नाताळच्या सुट्टींत मी जुन्या चिठ्ठ्या चाळीत बसलों असतां ती चिठ्ठी उलटी पडली. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत तिनें लिहिलें होतें: ‘गरीब म्हणजे दीन. तो उलट वाचला. सरिता झाली.’ मी सूत्र पुन्हां वाचलें आणि माझे डोळे उघडले. ‘उलट’ हा शब्द मीं मधोमध ठेवला होता. तो डावीकडच्या शब्दाशीं जोडला तर उत्तर ‘दीन’ येतें, आणि उजवीकडच्या शब्दाशीं जोडला तर ‘नदी’ येतें. दोन्ही उत्तरें दोन अक्षरांचीं, दोन्ही सारखींच निर्दोष. चौकटींतलें कोडें असतें तर आडव्या शब्दांच्या अक्षरांनीं निवाडा केला असता. बोर्डावर एकट्या लावलेल्या सूत्रास तो आधारही नव्हता. ही चूक रचणारांच्या ओळखीची आहे, आणि ती मीं केली होती. ‘उलटलेली सरिता गरीब’ असें लिहिलें असतें तर कांहीं प्रश्नच नव्हता. ‘उलटलेली’ हें विशेषण स्त्रीलिंगी असल्यामुळें तें सरितेसच बांधलें जातें. मराठीचें व्याकरण असें मदतीस उभें असतांना मीं त्यास हांक मारली नव्हती.

शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारीं मीं ती चिठ्ठी सर्वांसमोर वाचली, सूत्र चुकीचें होतें हें कबूल केलें आणि मुलीची क्षमा मागितली. नंतर मीं तिला बाजूस विचारलें, "तूं त्याच वेळीं मला येऊन कां नाहीं सांगितलेंस?" ती म्हणाली, "सर, मला वाटलें मागें लिहिलेलें तुम्हीं वाचलें असेल. वाचूनही चूक म्हणालां, म्हणजे मलाच कांहीं समजत नसावें."

पालकहो, हें वाक्य माझ्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. त्या मुलीनें बरोबर विचार केला होता, तो शब्दांत मांडला होता, आणि माझ्या एका फुलीनें तिनें असा निष्कर्ष काढला कीं आपला विचारच खोटा. उत्तर चुकल्यास मूल पुन्हां प्रयत्न करतें. परंतु आपल्या विचार करण्यावरचा विश्वास एकदां उडाला तर तें चिठ्ठी टाकणेंच सोडून देतें. वीस वर्षें मी उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहें. अशा किती चिठ्ठ्या मीं मागची बाजू न पाहतां बाजूस टाकल्या असतील, त्याची गणती मला करवत नाहीं.

उत्तर पाहून निकाल देण्याची घाई एकट्या मास्तरांसच होते असें नाहीं. १९४४ च्या मे महिन्यांत, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरण्याच्या आधीं, लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांतील कोड्यांच्या उत्तरांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी हे त्या मोहिमेंतील गुप्त शब्द एकामागून एक आले, आणि १ जूनला नेपच्यून हाही आला. कोडीं रचणारे लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. हेरगिरीचा संशय येऊन गुप्तचर खात्यानें त्यांची कसून चौकशी केली. परंतु त्यांच्या हातून कांहीं अपराध घडल्याचें निष्पन्न झालें नाहीं. पुढें १९८४ सालीं त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, कोड्याचीं घरें भरण्याचें काम मास्तर मुलांस देत, आणि तळ ठोकलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द मुलें त्यांत घालीत. ही हकीकत खरी धरली तर, उत्तरांकडे पाहून राजद्रोह दिसावा आणि त्यांची वाट शोधली तर पोरांचा खेळ निघावा, असा तो प्रकार होता.

ह्या प्रसंगानंतर मीं नियम बदलला. आतां नुसत्या उत्तरास एकही गुण नाहीं. उत्तराबरोबर ‘कसें आलें’ तें लिहिलेंच पाहिजे. आणि उत्तर चुकलें तरी विचार सुसंगत असेल तर अर्धा गुण मिळतो. नियम बदलतांच एक निराळीच गोष्ट उघडकीस आली. आठवींतील एक मुलगा त्यापूर्वीं ओळीनें नऊ आठवडे बिनचूक उत्तरें देत आला होता, आणि बक्षिसाचें पुस्तकही त्यानेंच नेलें होतें. त्याच्या चिठ्ठ्या एकाएकीं थांबल्या. कांहीं दिवसांनीं तो आपण होऊन माझ्याकडे आला आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, उत्तरें मोबाइलवरून मिळायचीं. तेथें कारणही येतें, पण तें मला समजत नाहीं." मीं त्यास शिक्षा केली नाहीं. मीं उत्तर मागितलें होतें, त्यानें उत्तर आणून दिलें होतें. समज मागितलीच नव्हती. शिवाय यंत्रानें दिलेलें कारण कधीं कधीं मोठ्या ठामपणें सांगितलेलें, तरी साफ चुकीचें असतें. तें पारखावयासही स्वतःची समज लागतेच. आज तो मुलगा चारांपैकीं एखादें सूत्र सोडवितो. चिठ्ठी खाडाखोडीनें भरलेली असते. ती वाचतांना मला त्याच्या जुन्या नऊ चिठ्ठ्यांपेक्षां अधिक समाधान होतें.

ह्या दोन्ही दोषांचें चित्र पवित्र शास्त्रांतील शास्त्यांच्या पुस्तकांत, चौदाव्या अध्यायांत, एकाच ठिकाणीं आहे. शमशोनानें मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यांत मधमाशांनीं पोळें केलें होतें. त्यावर त्यानें आपल्या लग्नाच्या मेजवानींत तीस सोबत्यांस कोडें घातलें आणि तीस वस्त्रांची पैज लावली. सिंहाची गोष्ट त्यानें आईबापांसही सांगितली नव्हती. मग सोबत्यांस ती कोठून कळणार? उत्तराकडे जाणारी वाटच त्या कोड्यास नव्हती. सोबत्यांनीं काय केलें? त्याच्या नववधूस धमकावून उत्तर काढून घेतलें. कोडें अन्यायाचें आणि उत्तर चोरीचें. शेवट रक्तपातांत झाला. माझें मधोमध ‘उलट’ ठेवलेलें सूत्र आणि त्या मुलाच्या नऊ चिठ्ठ्या हे त्याच दोन दोषांचे लहान अवतार होत. शिक्षकानें वाट ठेवली नाहीं कीं विद्यार्थी वाट सोडतो, असें माझें अनुभवान्तीं मत झालें आहे.

आतां त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतों: गुण वाढणार काय? येथें मी एक मोठी आकर्षक गोष्ट सांगूं शकतों. दुसऱ्या महायुद्धांत, जानेवारी १९४२ मध्यें, ‘डेली टेलिग्राफ’ पत्रानें बारा मिनिटांत कोडें सोडविण्याची स्पर्धा भरविली, आणि तींतील कांहीं स्पर्धकांस पुढें शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामासाठीं बोलावणें आलें. परंतु हें आमिष दाखवून मी हा खेळ विकूं इच्छीत नाहीं. सूत्रें सोडवून गणिताचे गुण वाढतील असें आश्वासन मी देत नाहीं. ज्या मुलास ह्यांत गोडी नाहीं त्यानें खुशाल क्रिकेट खेळावें. माझें म्हणणें एवढेंच आहे: ‘मला उत्तर ठाऊक आहे’ आणि ‘मला उत्तर समजलें आहे’ ह्या दोन वाक्यांतील अंतर हा खेळ मुलास स्वतःच्या अनुभवानें दाखवितो. भूमितीचा सिद्धान्त, इतिहासांतील कारणें, रसायनशास्त्रांतील समीकरण ह्या सर्वांस हीच कसोटी लागते. गाइडमधून पाठ केलेलें उत्तर ‘चीटर’ आणि समजून दिलेलें उत्तर ‘टीचर’. अक्षरें तींच, पण मांडणी आपली आपणच करावी लागते.

महाभारत लिहिण्याची कथा आपल्या मुलांस ठाऊक आहे. गणपतीनें अट घातली कीं, माझी लेखणी थांबतां कामा नये. व्यासांनीं उलट अट घातली कीं, अर्थ समजल्यावांचून कांहीं लिहूं नये. मग व्यास मधून मधून कूट श्लोक सांगत, आणि गणपति अर्थाच्या विचारांत पडे तोंवर पुढील श्लोक रचीत. आमच्या शाळांतून ह्या दोन अटींपैकीं पहिलीच तेवढी शिल्लक राहिली आहे. तीन तास लेखणी थांबूं नये ह्याची काळजी सर्वजण घेतात. दुसरी अट परत आणणें हें शिक्षकांचें काम आहे, आणि पालकांचेंही आहे. मूल निकालपत्र घेऊन घरीं आलें म्हणजे ‘किती मिळाले?’ हा प्रश्न आपण विचारणारच, तो विचारावाही. परंतु एखादें उत्तर बोटानें दाखवून ‘हें तुला कसें आलें, मला सांग पाहूं’ असेंही विचारावें. आपणांस त्या विषयाची माहिती नसली तरी चालेल. सांगतां सांगतां मुलासच कळून येतें कीं आपली वाट कोठें पक्की आहे आणि कोठें खचलेली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीं चार सूचना. सूत्र वाचल्याबरोबर त्याच्या गोष्टींत रमूं नका. एकेक शब्द सुटा करून पाहा. व्याख्या पहिल्या शब्दांत आहे कीं शेवटच्या शब्दांत, तें आधीं शोधा. उलटणें, मोडणें, लपणें, ढवळणें असे शब्द दिसले कीं ती खूण असावी असें समजा. आणि उत्तर सुचलें तरी दुसऱ्या वाटेनें तेथें पोंचल्याखेरीज तें शाईनें लिहूं नका. तोंवर पेन्सिल पुरे. दोन्ही वाटांनीं जाऊनही तुमचें उत्तर मास्तरांच्या उत्तराशीं जुळलें नाहीं, तर गप्प बसूं नका. चिठ्ठी घेऊन मजकडे या, आणि तिची मागची बाजू मला दाखवा.

रचणारा आणि सोडविणारा ह्यांच्यांत असा विश्वास असला म्हणजे ह्या खेळांतून केवढें सत्य बोलतां येतें, त्याचें एक उदाहरण सांगून लेखणी आवरतों. ‘गार्डियन’ पत्रांत १९५८ पासून कोडीं रचणारे रेव्हरंड जॉन ग्रॅहम ह्यांस वाचक ‘अराउकेरिया’ ह्या टोपणनांवानें ओळखत. जानेवारी १९१३ नव्हे, जानेवारी २०१३ मध्यें, म्हणजे पहिल्या कोड्याच्या शंभराव्या वर्षीं, त्यांच्या एका कोड्याच्या आरंभीं असा मजकूर होता कीं, रचणारास अमुक आंकड्याच्या घरांतील गोष्ट झाली आहे. लोकांनीं घरें भरलीं तेव्हां त्यांस कळलें कीं ब्याण्णव वर्षांच्या उंबरठ्यावरील ह्या वृद्धास अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते निवर्तले. आयुष्यभर वांकडें बोलणाऱ्या त्या सत्पुरुषानें आपली सर्वांत कठीण बातमीही आपल्या वाचकांस त्यांच्या परिचयाच्या भाषेंतच सांगितली, आणि त्यांनीं ती बरोबर वाचली.

शेवटीं रिवाजाप्रमाणें एक सूत्र, विशेषतः ज्या सद्गृहस्थांनीं सभेंत प्रश्न विचारला त्यांच्यासाठीं: ‘घरीं धाक घालणारा मंडईंत जुडीनें मिळतो (३)’. मुलांनीं तें आज रात्रीं जेवतांना घरच्या मंडळींस घालावें. उत्तराच्या चिठ्ठ्या पुढील सोमवारपर्यंत पेटींत टाकाव्या. पालकांच्या चिठ्ठ्यांसही नियम तोच: कारण न लिहितां दिलेल्या उत्तरास गुण नाहींत.